हायवेला गाडी डुलते? आधी मागच्या टायरची हवा बघा

गेल्या वर्षी मे महिन्यात नागपूरला मामेबहिणीचं लग्न होतं. गाडीत आम्ही चौघं, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या, आहेराच्या साड्या आणि आईने "असू दे, लागेल" म्हणत कोंबलेलं बरंच काही. शिर्डीजवळ समृद्धीला लागलो, शंभराचा वेग धरला आणि गाडी डुलायला लागली. एका बाजूला ओढत नव्हती, थरथरतही नव्हती, नुसती डुलत होती. ट्रकला ओव्हरटेक करायला गेलो की आधी ट्रकच्या अंगावर झुकायची, पुढे निघालो की पलीकडे जायची. मी स्टेअरिंग घट्ट धरून सारखा इकडून तिकडे सावरत होतो. मागे बसलेल्या बाबांनी शेवटी विचारलंच, "अरे, झोप येतेय का तुला?"

गंमत म्हणजे आठवड्यापूर्वीच मी पुढे दोन नवे टायर टाकले होते आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, तेही करून घेतलं होतं. मशीनचा प्रिंटआउट डॅशबोर्डच्या खणात होता, सगळे आकडे हिरवे.

जालन्याच्या अलीकडे एका पंपावर थांबलो. शेजारी एक ट्रेलर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर लोखंडी रॉडने एकेक टायर ठोकत आवाज ऐकत चालला होता. मी वाकून पुढच्या चाकांकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला, "दादा, पुढचं कशाला बघताय, शेपूट ढिली हाय तुमची." मागच्या टायरचा तळ खरंच फुगवट्यासारखा बाहेर आला होता. पंपावरच्या गेजने मोजलं तर डावीकडे ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), उजवीकडे २८. तेही तीन तास पळून गरम झालेल्या टायरमध्ये. म्हणजे सकाळी निघताना २५-२६च्या आसपास असणार. माझ्या गाडीच्या दारावरचं स्टिकर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागे ३८ सांगत होतं.

तिथे हवा भरली आणि निम्मी डुलकी गेली. उरलेली निम्मी नाशिकला परत आल्यावर, पुढचे नवे टायर मागे टाकल्यावर गेली. मधल्या काळात जे शिकलो ते खाली क्रमाने लिहितोय. ज्यांनी नुकतीच गाडी घेतलीय आणि पहिल्यांदाच लांबच्या हायवेला निघताय, त्यांच्यासाठी.

लागणारं सामान आणि कागद

- स्वतःचं डिजिटल प्रेशर गेज. काही शे रुपयांत मिळतं. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, का ते पुढे येईल.
- गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवा भरायचा पंप. नसला तरी चालेल, पण एकदा घेतला की परत त्याशिवाय राहवत नाही.
- मोबाइलचा टॉर्च आणि एक फडकं.
- गाडीचं मॅन्युअल. स्टिकर पुसलं गेलं असेल तर आकडे तिथे सापडतात.
- टायरचं बिल. त्यावर टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच विचारतात.
- अलाइनमेंटचा जुना आणि नवा प्रिंटआउट. "झालं साहेब, ओके आहे" हा प्रिंटआउट नव्हे.

१. गाडी नेमकं काय करतेय, ते आधी ठरवा

"गाडी नीट चालत नाही" असं सांगत दुकानात गेलात तर समोरचा अलाइनमेंट करून मोकळा होतो. त्यामुळे दुखणं कुठलं ते आपल्याला सांगता आलं पाहिजे.

स्टेअरिंग थरथरत असेल, विशेषतः ८० ते ११० च्या दरम्यान सुरू होऊन वेग बदलला की कमी-जास्त होत असेल, तर ते बहुतेक बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसणं) किंवा वाकलेली डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक. तुमचं काम अर्ध्या तासात होईल, बाकीचा लेख नंतर वाचा.

गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर पुढच्या दोन टायरमधल्या हवेचा फरक, एखादा सदोष टायर, अलाइनमेंट किंवा एका चाकाला चिकटलेला ब्रेक, यांपैकी काहीतरी. पुढच्या एका टायरमध्ये चार-पाच पीएसआय कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. हे सगळ्यात स्वस्त कारण आहे, म्हणून ते आधी तपासा. एक मात्र लक्षात ठेवा: पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार असतो आणि आपल्याकडे तो बहुतेक डावीकडे. हळूहळू डावीकडे सरकणारी गाडी आजारी असेलच असं नाही.

ट्रकच्या चाकांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये गाडी आपोआप शिरत असेल, तर रुंद आणि बुटक्या टायरचा तो स्वभाव आहे. त्याबद्दल सहाव्या पायरीत.

आणि गाडी डुलत असेल, म्हणजे वाऱ्याने किंवा ट्रकच्या झोताने हलून लवकर सावरत नसेल, आपण सावरलं की जास्तच सावरलं जात असेल, तर मागे जा. अक्षरशः गाडीच्या मागे.

खड्ड्यातून जाताना पुढून खटखट आवाज येत असेल किंवा स्टेअरिंगला मोकळी हालचाल जाणवत असेल तर टायरवर पैसे घालण्याआधी मेकॅनिककडून टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट आणि बुश हे पुढच्या चाकांचे सांधे बघून घ्या.

२. मागचेच टायर का?

आपल्या हातात स्टेअरिंग असतं, म्हणून गाडी सरळ ठेवायचं काम पुढच्या चाकांचं, असं वाटतं. पुढची चाकं दिशा दाखवतात हे खरं, पण ती दिशा टिकवून धरतात मागची. बाणाला पिसं मागच्या टोकाला का लावतात, तेच कारण.

वाऱ्याची झुळूक लागली की गाडीचं तोंड किंचित वळतं. चाकं एका दिशेला बघत असतात आणि गाडी थोड्या वेगळ्या दिशेला जात असते. या फरकामुळे टायरचं रबर जमिनीवर पिळलं जातं आणि आडवा जोर तयार होतो. मागच्या टायरचा हा जोर शेपूट पुन्हा रांगेत आणतो. टायर ताठ असेल तर जरासा पीळही पुरतो. हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत आधी झुकते, पीळ जास्त द्यावा लागतो आणि जोर यायला वेळ लागतो. शंभराच्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. तेवढ्या वेळात आपण घाबरून स्टेअरिंग फिरवतो, मागून टायरचा जोरही येतो आणि दोन्ही मिळून गाडी पलीकडे जाते.

म्हणूनच पुढची हवा थोडी कमी असली तर गाडी सुस्त वाटते, वळायला आळस करते. त्रासदायक, पण समजून येतं. मागची कमी असली तर गाडी चंचल होते. शहरात चाळीसच्या वेगात याचा पत्ताही लागत नाही. मी दोन महिने तशीच चालवत होतो.

३. दारावरचं स्टिकर वाचा, पूर्ण वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. त्यावर दोन रकाने असतात: कमी माणसं असतानाची हवा आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाची. बहुतेक लोक पहिला रकाना बघून दार लावतात. माझ्या गाडीत कमी माणसांना पुढे-मागे ३२, पूर्ण भरल्यावर पुढे ३३ आणि मागे ३८. मागचा फरक सहा पीएसआयचा आहे, कारण भरलेल्या डिकीचं आणि मागे बसलेल्यांचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकांवर येतं. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, माझे वापरू नका.

आकडे बारमध्ये असतील तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. २.३ बार म्हणजे साधारण ३३.

सापळा: टायरच्या बाजूवर जो कमाल दाबाचा आकडा छापलेला असतो, ४४ किंवा ५१ पीएसआय, तो टायरची सहनशक्ती सांगतो. तेवढी हवा भरायची नसते. एका शेजाऱ्यांनी तो आकडा बघून चारही टायर ४४ केले आणि "गाडी रस्त्यावर टपटप उडतेय" म्हणून शॉकअब्जॉर्बर बदलायला निघाले होते. हवा जास्त झाली की टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो. काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर तो क्षणभर जमीन सोडतो आणि तेवढी पकड जाते.

४. थंड टायरवर, स्वतःच्या गेजने मोजा

थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. सकाळी निघण्यापूर्वी, ऊन चढायच्या आत मोजा. एका बाजूच्या टायरवर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असली तरी फरक पडतो.

व्हॉल्व्हचं टोपण काढा, फडक्याने तोंड पुसा, गेज सरळ दाबा. सुईसारखा फुस्स आवाज येत राहिला तर गेज तिरपं बसलंय, आकडा खोटा. दोनदा मोजा. चारही आकडे मोबाइलमध्ये लिहा. तीन टायर महिन्यात पीएसआयभर उतरले आणि चौथा चार उतरला, तर त्या चौथ्यात खिळा आहे किंवा व्हॉल्व्ह गळतोय. हे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही.

पंपावरच्या गेजचं सांगायचं राहिलं. मी एकदा हौसेने घरून मोजून निघालो आणि वाटेतल्या तीन पंपांवर तोच टायर मोजून घेतला. तीन ठिकाणी तीन आकडे, सगळ्यात वरच्या आणि खालच्यात पाच पीएसआयचा फरक. नळी दिवसभर जमिनीवर आपटत असते, बिचाऱ्या गेजचा दोष नाही. शिवाय हवा भरणारा मुलगा "किती मारू?" विचारतो आणि आपण गाडीत बसूनच "तीस-पस्तीस मार" म्हणतो. खाली उतरा. पुढे किती, मागे किती, वेगवेगळं सांगा.

वाटेत गरम टायरमध्येच भरायची वेळ आली तर स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा सुमारे चार पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना मोजून बरोबर करा. गरम टायरचा आकडा जास्त दिसतो म्हणून हवा काढू मात्र नका.

५. "उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा" हे ऐकू नका

हा सल्ला मला निघायच्या आदल्या दिवशी दोघांनी दिला होता. त्यातला एक टायरच्या दुकानातला. युक्तिवाद पटण्यासारखा असतो: काँक्रीट तापतं, हवा प्रसरण पावते, टायर फुटतो, म्हणून आधीच चार-पाच पॉइंट कमी.

गणित करून बघू. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरली आणि दुपारी विदर्भात पारा ४२ वर गेला, तर नुसत्या उन्हाने पावणेतीन पीएसआय वाढेल. पळण्याने आणखी चार-पाच. म्हणजे चाळिशीच्या आसपास. स्टिकरवरचा आकडा ठरवताना कंपनीने ही वाढ धरलेली असते आणि टायरची सहनशक्ती त्याच्या वर असते.

आता हवा कमी ठेवली तर काय होतं? १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ जवळपास १.९५ मीटर. ताशी १२० किलोमीटरला ते चाक सेकंदाला १७ वेळा फिरतं, तासाला साठ हजारांहून जास्त वेळा. प्रत्येक फेरीत टायरची भिंत जमिनीपाशी दबते आणि पुन्हा सरळ होते. हवा कमी तर दबणं जास्त. तार एकाच ठिकाणी वाकवत राहिलं की गरम होते, तसंच. टायर आतून तापतो, थर सुटतात आणि फुटतो तो या उष्णतेने. म्हणजे फुटू नये म्हणून हवा कमी करणारे फुटण्याचीच तयारी करत असतात, वर गाडी डुलते ती वेगळी.

जुन्या रस्त्यांवर हे खपून जायचं. गाव आलं, गतिरोधक आला, टोलनाका आला, टायरला श्वास मिळायचा. समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे, बहुतांश काँक्रीटची, आणि मोटारींना १२० ची मर्यादा. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तर ठाणे जिल्ह्यातून निघून थेट नागपूर गाठता येतं. एवढा वेळ एका वेगाने पळायची सवय आपल्या टायरना नाही आणि आपल्यालाही नाही. दर दीड-दोन तासांनी थांबा आणि चारही टायरच्या भिंतीला हात लावून बघा. एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा त्याचा ब्रेक चिकटतोय.

नायट्रोजनबद्दल विचाराल म्हणून सांगतो: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर घ्या, पण नायट्रोजन नाही म्हणून हवा न भरता पुढे जाणं हा शुद्ध वेडेपणा.

६. टायर वाचायला शिका

बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ इंचांची डिस्क. ८८ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. आपल्याला २१० ने जायचं नाही हे मान्य, पण वरच्या अक्षराचा टायर सहसा अधिक ताठ बांधणीचा असतो आणि तो ताठपणा ११० च्या वेगातही जाणवतो. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं अक्षर किंवा कमी वजनाचा निर्देशांक घेऊ नका.

अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांपुढचं रबर कडक झालेलं असतं. भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर हायवेचा विषय सोडा. दुकानात "नवा" टायर घेतानाही हे आकडे बघा. मला दीड वर्षापूर्वीचा माल नवा म्हणून दाखवला होता.

नक्षीच्या खाचांत तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर राहिली, आणि मोटारींसाठी कायद्याची किमान मर्यादा तीच. पावसाळ्यात मी तिथपर्यंत थांबत नाही, तीन मिलिमीटरला बदलतो.

आता सगळ्यात उपयोगाची तपासणी, जिला काहीच सामान लागत नाही. गाडी बंद, टायर थंड. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं बोचत असेल, तर अलाइनमेंटमधला टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग उंच आहे, तर हवा कायम कमी होती. मधलाच पट्टा झिजलाय, तर जास्त होती. एकच कड झिजलीय, तर चाक कललंय. गोटा झालेला टायर कुणालाही दिसतो, पण ही बोच हाताशिवाय कळत नाही. मागच्या टायरलाही हात लावा.

चाकोऱ्यांबद्दल कबूल केलं होतं. टायर जितका रुंद आणि भिंत जितकी बुटकी, तितका तो रस्त्याच्या प्रत्येक खाचेचं ऐकतो आणि स्टेअरिंगला ओढ देतो. उलट उंच भिंतीचा अरुंद टायर खाच गिळतो, पण वाऱ्यात जास्त झुलतो. एसयूव्हीला हौसेने दगडधोंड्यांसाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर लावणाऱ्यांनी हायवेला तरंगणारी गाडी गृहीत धरावी. ते ठोकळे स्वतःच हलतात.

७. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे

यावर दुकानदाराशी वाद होणार, तयारी ठेवा. मला सांगितलं गेलं होतं: "इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मग नवे पुढेच ना?" ऐकायला बरोबर वाटतं आणि मी मान डोलावली.

पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जात राहते, स्टेअरिंग हलकं लागतं, आपण अॅक्सिलरेटर सोडतो आणि वेग उतरला की पकड परत येते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सामान्य ड्रायव्हरला ते आवरत नाही. पावसात साचलेल्या पाण्यावर झिजका टायर आधी तरंगतो. तो मागे असला तर शेपूट आधी जाते. म्हणून गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरीही चांगले टायर मागे आणि बरे असलेले जुने मागून पुढे. जुने इतके झिजलेत की पुढे टाकायला भीती वाटते? मग चार घ्यायची वेळ आलीय.

एका आसावर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर लावू नका. रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले, तर अजिबात नकोत.

नवे टायर पहिले तीनशे ते पाचशे किलोमीटर थोडे मोकळे वाटतात. नक्षीचे ठोकळे उंच असतात, म्हणून हलतात. आणि साच्यातून सुटण्यासाठी लावलेला गुळगुळीत थर जायचा असतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यात टायर बदलून थेट समृद्धीवर जाणं हा माझा आणखी एक शहाणपणा.

८. माप वाढवताना हिशेब करा

"थोडे रुंद टाका साहेब, गाडी चिकटून चालेल." चालेलही, पण बाहेरचा व्यास आणि डिस्कची रुंदी जुळली तर.

मूळ १८५/६५ आर १५ चा व्यास जवळपास ६२१ मिलिमीटर. १९५/५५ आर १६ चाही तेवढाच, म्हणजे ही जोडी जुळते. कंपनी खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ देते तेव्हा तोही ६२० च्या आसपास येतो. मॉडेलमधला फरक भिंतीच्या उंचीत असतो: पहिल्याची १२० मिलिमीटर, तिसऱ्याची १३२. वरच्या मॉडेलची गाडी हायवेला "बसून" चालते असं लोक म्हणतात, त्यात या बारा मिलिमीटरचा मोठा वाटा.

डिस्क तीच ठेवून नुसता टायर रुंद केला तर मात्र उलटं होतं. १९५/६० आर १५ ला किमान साडेपाच इंच रुंदीची डिस्क लागते. पाच इंचांच्या डिस्कवर तो चढवला तर दोन्ही भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात आणि टायर डिस्कवर झुलत राहतो. पैसे जास्त, डुलणंही जास्त. डिस्कची रुंदी डिस्कच्या आतल्या बाजूला कोरलेली असते.

माझं मत विचाराल तर कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेलं माप, त्याच रुंदीच्या डिस्कसकट, एवढीच उडी मारा.

९. अदलाबदल आधी, अलाइनमेंट नंतर

ही पायरी ओढणाऱ्या गाडीसाठी. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरमध्ये: बनवताना तो किंचित शंकूच्या आकाराचा झालेला असतो आणि शंकूसारखाच एका बाजूला गडगडायला बघतो. बिल असेल तर दुकानदाराकडे जा. ओढ त्याच बाजूला राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर मात्र असे बाजू बदलून लावू नका.

अलाइनमेंटला जाताना हवा आधी बरोबर करा, नाहीतर मशीन खोट्या उंचीवर खरे आकडे दाखवतं. आणि मागच्या चाकांचे आकडेही मागा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचा टो जुळवता येत नाही, म्हणून "मागचं फिक्स असतं" म्हणत तो मोजतच नाहीत. जुळवता येत नसला तरी बिघडू शकतो. मोठा खड्डा किंवा दुभाजकाचा मार बसला की आस वाकतो. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरपं धरावं लागत असेल तर तिथे शोधा.

१०. चाचणी

वारा नसलेली सकाळ, ओळखीचा सरळ सपाट पट्टा, रहदारी कमी. साठवर सुरू करा, मग ऐंशी, मग मर्यादेच्या आत शंभर. हात स्टेअरिंगवरच, फक्त पकड सैल. हात सोडून गाडी सरळ जाते का बघण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांच्या नादी लागू नका. एकदा रिकामी गाडी आणि एकदा माणसं-सामान भरून, अशी दोनदा चालवा. माझी गाडी रिकामी असताना बिनतक्रार चालायची, म्हणून तर दुखणं दोन महिने लपलं. चाकं काढून लावली असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

११. स्टेपनी

तिची हवा वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी मूळ टायरपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती मागे लावून शंभरने निघालात तर पहिल्या पायरीवर परत याल. पंक्चर काढून मूळ टायर बसेपर्यंत डाव्या लेनने ऐंशीच्या आत चला. आणि हो, नागपूरहून परत निघताना मी स्टेपनी मोजली होती. १४ पीएसआय.